दूरच्या हाती घरचा संगणक

सत्तरी ओलांडलेले गृहस्थ संगणकासमोर हात मांडीवर ठेवून स्वस्थ बसले आहेत आणि पडद्यावरचा बाण मात्र आपोआप फिरतो आहे. तो एक चौकट बंद करतो, दुसरी उघडतो, अक्षरे मोठी करतो. शेजारी ठेवलेल्या फोनमधून मुलीचा आवाज येतो, ‘बाबा, आता नीट दिसतंय का?’ बाबा पुण्यात आहेत, मुलगी बेंगळुरूत किंवा न्यू जर्सीत. ज्यांची मुले शिक्षणासाठी वा नोकरीसाठी दूर गेली, अशा कितीतरी घरांत हे दृश्य आता सवयीचे झाले आहे. मात्र अगदी असेच दृश्य, तोच फिरणारा बाण आणि तोच फोन, कुणाची आयुष्यभराची पुंजी अर्ध्या तासात नाहीशी होतानाही दिसते. यंत्र दोन्ही वेळी एकच असते, तंत्रही एकच. भेद एवढाच, की पहिल्या वेळी बोलावणे घरातून गेलेले असते आणि दुसऱ्या वेळी ते बाहेरून आलेले असते. दुरून संगणक चालवण्याच्या या सोयीविषयी ज्येष्ठांनी आणि त्यांची काळजी वाहणाऱ्यांनी बाकी सारे विसरले तरी चालेल, पण हा भेद विसरून चालणार नाही.

ही सोय वाटते तितकी नवी नाही. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथील एका संगणक परिषदेत डग्लस एंगेलबार्ट या संशोधकाने सुमारे दीड तासाचे एक प्रात्यक्षिक दाखवले. ज्या माऊसला आज नातवंडेही जुनाट म्हणतात, तो त्या दिवशी प्रथमच जाहीरपणे लोकांसमोर आला. विशेष म्हणजे एंगेलबार्ट ज्या संगणकावर काम करत होते तो सभागृहात नव्हताच. तो सुमारे ४८ किलोमीटर दूर, मेन्लो पार्क येथील त्यांच्या संस्थेत होता. त्याच प्रात्यक्षिकात त्यांनी दूर बसलेल्या आपल्या सहकाऱ्याबरोबर एकाच पडद्यावर, एकाच मजकुरावर काम करून दाखवले. दोन माणसांनी मिळून एका यंत्रावर विचार करावा, ही त्यामागील कल्पना होती. पुढे १९९०च्या दशकात केंब्रिज येथील एका संशोधन प्रयोगशाळेत ‘व्हीएनसी’ ही प्रणाली तयार झाली आणि एका संगणकाचा पडदा दुसऱ्यावर आणणे सामान्य तंत्रज्ञांच्याही आवाक्यात आले. आज टीमव्ह्यूअर, एनीडेस्क, क्रोम रिमोट डेस्कटॉप अशी साधने सहज मिळतात, आणि विंडोज १० व ११ या प्रणालींमध्ये तर ‘क्विक असिस्ट’ नावाची सोय आधीपासूनच दिलेली असते. कळफलकावरील कंट्रोल, विंडोज आणि क्यू या तीन कळा एकत्र दाबल्या की ती समोर येते.

आत घडते ते असे. आपल्या पडद्यावर जे चित्र दिसते त्याची प्रत सेकंदाला अनेकदा इंटरनेटवरून समोरच्या संगणकाकडे जाते. तिकडची व्यक्ती माऊस हलवते किंवा कळ दाबते, तेव्हा ती हालचाल उलट दिशेने आपल्या यंत्राकडे येते आणि आपणच ती केली असे समजून यंत्र तिचे पालन करते. ही देवाणघेवाण सांकेतिक रूपात होते, त्यामुळे वाटेत तिसऱ्याला ती वाचता येत नाही. परंतु याचा अर्थ जोडणीच्या दुसऱ्या टोकाला सज्जनच बसला आहे, असा नव्हे. कुलूप उत्तम असले तरी किल्ली कोणाला दिली, हा प्रश्न शिल्लकच राहतो. एकदा नियंत्रण दिले की समोरच्याला आपल्यासारखेच सर्व काही दिसते आणि आपल्याला करता येते ते जवळजवळ सर्व त्याला करता येते. फायली उघडता येतात, पुसता येतात, पत्रे वाचता येतात. संगणकाच्या दृष्टीने त्या वेळी तो म्हणजे आपणच.

आधी या सोयीची उजळ बाजू पाहू. ज्येष्ठांच्या बहुतेक अडचणी यंत्र बिघडल्यामुळे निर्माण झालेल्या नसतात. अक्षर बारीक असते, बाण सापडत नाही, हात कापत असल्याने दोनदा टिचकी मारण्याऐवजी तीनदा पडते, एक कळ जरा जास्त वेळ दाबली गेली की तेच अक्षर दहा वेळा उमटते. या प्रत्येकावर संगणकात उपाय आहेत. पडद्यावरील सर्व काही १२५ वा १५० टक्के मोठे करता येते, बाण ठळक व रंगीत करता येतो, माऊसचा वेग कमी करता येतो, नकळत पुन्हा दाबलेल्या कळेकडे यंत्राने दुर्लक्ष करावे अशी योजना करता येते. पक्षाघातानंतर एकाच हाताने काम करावे लागणाऱ्यांसाठी दोन-तीन कळा एकामागून एक दाबण्याची सोयही आहे. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेची वाट पाहणाऱ्यांनी विंडोजची कळ आणि अधिक चिन्हाची कळ एकत्र दाबून पाहावी. पडद्यावर भिंगच अवतरते. हे सारे शोधून काढायला ज्येष्ठांना दोन दिवस लागतील आणि वैताग येईल तो वेगळाच. दूर बसलेली मुलगी ते पंधरा मिनिटांत करून देऊ शकते. माझ्या मते दूरनियंत्रणाचा घरगुती उपयोग सर्वांत आधी यासाठी व्हावा. विजेचे बिल भरून देणे हा त्यानंतरचा उपयोग.

अशा बैठकीची वेळ आधी ठरलेली असावी. न्यू जर्सीचे घड्याळ उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेनऊ तास आणि हिवाळ्यात साडेदहा तास मागे असते. आपल्याकडे सकाळचे साडेसात वाजतात तेव्हा तिकडे रात्रीचे दहा किंवा नऊ. ती वेळ दोघांनाही सोयीची. आपल्याकडे रात्र झालेली, झोपेच्या गोळीचा अंमल चढू लागलेला आणि तिकडे सकाळची कार्यालयाची घाई, अशा वेळी सुरू केलेले काम बहुधा रागावण्यात संपते.

मदत करणाऱ्या तरुणांनाही दोन गोष्टी सांगावयाच्या आहेत. आई-वडिलांच्या संगणकात शिरणे म्हणजे त्यांच्या कपाटात हात घालणे होय. ‘आई, आता मी हे उघडतो’ असे म्हणून मगच उघडावे. पडद्यावर पसरलेल्या फायली आपल्याला पसारा वाटतील, पण आईला प्रत्येकीची जागा डोळ्यांनी पाठ असते. न विचारता लावलेली शिस्त तिला दुसऱ्या दिवशी परक्या घरात आणून सोडते. दुसरे असे, की सतत स्वतःच बाण फिरवू नये. एकदा करून दाखवावे, मग नियंत्रण सोडून त्यांना करू द्यावे आणि आपण नुसते पाहत राहावे. यात वेळ जातो खरा. पण पुढच्या महिन्यात तेच काम ज्येष्ठांनी आपले आपण केले, की त्यांच्या आवाजात जी ऐट येते तिला मोल नाही.

आता दुसरी बाजू. वीज आज रात्री तोडली जाईल, बँकेचे केवायसी संपले आहे, पार्सल अडकले आहे, पैसे परत मिळणार आहेत, अशा निरोपाने प्रारंभ होतो. कधी संगणकाच्या पडद्यावर अचानक लाल चौकट येते, भोंगा वाजू लागतो आणि यंत्राला विषाणूची बाधा झाल्याचे सांगून मदतीसाठी एक क्रमांक दिला जातो. कधी ज्येष्ठ स्वतःच इंटरनेटवर बँकेचा ग्राहक सेवा क्रमांक शोधतात आणि तेथे भामट्याने पेरून ठेवलेला क्रमांक हाती लागतो. फोनवरचा माणूस गोड बोलतो, घाई करतो, एक अ‍ॅप घ्यायला सांगतो आणि त्यावर दिसणारा नऊ वा दहा आकडी क्रमांक वाचून दाखवायला सांगतो. पुढे ‘खात्री करण्यासाठी’ दहा रुपये भरण्याची विनंती होते. ज्येष्ठ दहा रुपये भरतात, आणि भरताना कार्डाचा क्रमांक, पिन, संदेशातून आलेला ओटीपी हे सारे पलीकडचा माणूस आपल्याच पडद्यावर पाहत असतो.

फसवले गेलेले अनेकजण मनापासून सांगतात, ‘मी ओटीपी कोणालाही सांगितला नाही.’ ते खरेच असते. ओटीपी कोणालाही सांगू नका, ही सूचना आपण इतक्या वेळा ऐकली आहे की ती पाळली म्हणजे आपण सुरक्षित आहोत असे वाटू लागते. येथे सांगण्याची गरजच उरलेली नसते. पडदा उघडा असेल तर त्यावर उमटलेले सर्व काही सांगितल्यासारखेच आहे. घराघरांत ही सूचना आता थोडी वाढवून सांगायला हवी. ओटीपी कोणाला सांगू नका आणि तो येईल तेव्हा आपला पडदा कोणी पाहत नाही ना, याची खात्री करून घ्या.

अँड्रॉइड मोबाइलच्या बाबतीत आणखी एक विपरीत गोष्ट आहे. त्यात ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’ नावाची एक परवानगी असते. ज्यांना दिसत नाही त्यांना पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवता यावा, ज्यांचे हात चालत नाहीत त्यांच्या वतीने अ‍ॅपला बटणे दाबता यावीत, अशा सद्हेतूने ती निर्माण झाली. तिच्यामुळे अ‍ॅपला पडदा वाचता येतो आणि त्यावर बोटही फिरवता येते. भामटे नेमकी हीच परवानगी चालू करायला सांगतात. अपंगांसाठी बांधलेल्या उतारावरूनच चोराने गाडी आत आणावी, तसा हा प्रकार. आपण अंधत्वामुळे वा अन्य कारणाने ही सोय रोज वापरत असाल तर ती सोडण्याचे कारण नाही. पण फोनवरच्या अनोळखी माणसाने ती चालू करायला सांगितली, तर त्याच क्षणी संभाषण संपवावे. आयफोनवर बाहेरच्या कंपन्यांच्या अशा अ‍ॅपना पडदा केवळ पाहता येतो, चालवता येत नाही. अर्थात ओटीपी चोरायला पाहणे पुरेसे असते.

फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने एनीडेस्कच्या गैरवापराविषयी बँकांना सावध केले होते. तेव्हापासून या अ‍ॅपचे नाव ऐकताच काहीजण दचकतात. वास्तविक कार्यालयांत हजारो तंत्रज्ञ अशा साधनांवर रोज प्रामाणिकपणे काम करतात. नाव बदलून दुसरे अ‍ॅप घ्यायला सांगणारे भामटेही आहेतच. म्हणून अ‍ॅपच्या नावावर भरवसा वा संशय ठेवण्यात अर्थ नाही. कोड कोणी कोणाला द्यायचा यावरूनही काही कळत नाही. क्विक असिस्टमध्ये मदत करणारा कोड देतो आणि आपण तो भरतो, क्रोम रिमोट डेस्कटॉपमध्ये आपल्या यंत्रावर तयार झालेला बारा आकडी कोड आपण त्याला देतो. पाहायचे ते इतकेच, की संभाषण कोणी सुरू केले. आपण मुलीला, भाच्याला, सोसायटीतल्या ओळखीच्या संगणकवाल्याला आपल्या वहीत लिहिलेल्या क्रमांकावर फोन केला असेल, तर पुढे जावे. फोन आपल्याकडे आला असेल, मग तो बँकेचा, पोलिसांचा, वीज कंपनीचा असल्याचे सांगणारा का असेना, पडदा उघडू नये. मुलाच्या नावाने फोन आला तरी तो ठेवून आपण उलट फोन करावा. आजकाल आवाजाची हुबेहूब नक्कल होते, त्यामुळे खऱ्या मुलाने याचा राग मानू नये.

आणि तरीही घडलेच तर? प्रथम इंटरनेट तोडावे. राउटरचा प्लग भिंतीतून काढावा, मोबाइल असेल तर विमान चिन्हाचे बटण दाबावे. जोडणी आपोआप तुटते. अ‍ॅप कुठून बंद करायचे हे शोधण्यात वेळ घालवू नये, कारण त्या वेळी आपल्याच पडद्यावर आपल्याशी दुसऱ्याच्या हाताची झटापट चालू असते. मग दुसऱ्या फोनवरून बँकेला आणि १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर कळवावे. चोरलेले पैसे एका खात्यात राहत नाहीत, ते झपाट्याने पुढच्या खात्यांत सरकत जातात. वाटेत कुठे अडवता आले तरच हाती लागण्याची शक्यता असते, म्हणून येथे तासांचा नव्हे, मिनिटांचा हिशेब आहे. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही तक्रार करता येते. पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या, स्वच्छ यंत्रावरून.

या घाईला कायदेशीर अंगही आहे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, खातेदाराने स्वतःची गुप्त माहिती दिल्यामुळे नुकसान झाले असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचा तोटा खातेदाराचा आणि कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचे. चूक खातेदाराची नाही आणि बँकेचीही नाही, अशा प्रकारात संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास खातेदारावर काहीही बोजा पडत नाही. पडदा उघडून दिला म्हणजे माहिती दिली असाच बँकेचा युक्तिवाद असू शकतो. तो मान्य करण्यापूर्वी हे लक्षात ठेवावे की, खातेदाराचे दायित्व सिद्ध करण्याची जबाबदारी त्याच परिपत्रकाने बँकेवर टाकली आहे. तक्रारीचा क्रमांक आणि वेळ कागदावर टिपून ठेवावी.

मात्र बहुतेक ज्येष्ठ हा फोन लगेच करत नाहीत. लाजेमुळे करत नाहीत. चाळीस वर्षे हिशेब चोख ठेवलेला माणूस, त्याला आपण फसलो हे सुनेसमोर कसे सांगावे हेच कळत नाही. दोन दिवस तो गप्प बसतो आणि तेवढ्यात पैसे हाताबाहेर जातात. पुढे झोप उडते, जेवणावरची वासना जाते, रक्तदाब वाढतो, फोन वाजला की छातीत धडधडते. घरातील मंडळींनी ‘इतके सांगूनही कसे काय केलेत?’ हा प्रश्न गिळून टाकावा. त्याचे उत्तर कोणालाही उपयोगी पडणार नाही. या टोळ्या दिवसभर हेच काम करतात आणि पस्तिशीतले संगणक अभियंतेही त्यांना बळी पडतात. घरात आधीच ठरवून ठेवावे, की असे काही झाले तर जो आधी सांगेल त्याला कोणी बोलणार नाही. काही आठवडे उलटूनही उदासी गेली नाही तर कुटुंबाच्या डॉक्टरांना पैशाची गोष्टही सांगावी, नुसती झोपेची तक्रार सांगू नये.

काही मुले दर वेळची विचारपूस टाळण्यासाठी आई-वडिलांच्या संगणकावर कायमचा पासवर्ड बसवून ठेवतात. मग इकडून कोणीही अनुमती दिली नाही तरी तिकडून केव्हाही आत येता येते. कंपवाताने कळ दाबणेही अवघड झालेल्यांसाठी ही व्यवस्था वरदान ठरू शकते. इतरांनी शक्यतो ती टाळावी. रात्री पत्र लिहीत असताना आपला बाण आपोआप हलू लागला तर कोणाही माणसाला दचकायला होईल, आणि पुढे खरोखरच कोणी परका शिरला तरी ‘मुलगाच असेल’ असे वाटून ज्येष्ठ गप्प बसतील. क्रोम रिमोट डेस्कटॉपची एकवेळची मदत या दृष्टीने बरी. दर तीस मिनिटांनी ती संगणकाच्या मालकाला विचारते, पुढे चालू ठेवायचे का? हा प्रश्न कोणाला कटकटीचा वाटेल, मला तो सभ्य वाटतो.

स्मृतिभ्रंशाची सुरुवात झालेल्यांच्या घरी हा विषय अधिक नाजूक होतो. वडिलांना बँकेचा पासवर्ड आठवत नाही, म्हणून मुलगा दुरून त्यांच्या नावाने व्यवहार करू लागतो. हेतू चांगला असला तरी संगणकाचा ताबा म्हणजे कायद्याने मिळालेला अधिकार नव्हे. वडिलांनी पूर्वी करून दिलेले मुखत्यारपत्रही अशा वेळी आधार देईल असे समजू नये. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २०१ नुसार अधिकार देणाऱ्याचे मानसिक स्वास्थ्य ढळले की ते मुखत्यारपण संपुष्टात येते. म्हणून वडील नीट समजून सही करू शकतात तोपर्यंतच संयुक्त खाते, नामनिर्देशन, बँकेला द्यावयाच्या सूचना ही कामे उरकून घ्यावीत. वकिलाचा सल्ला त्याच वेळी घेतलेला बरा.

दूरच्या हाताला काही गोष्टी करताच येत नाहीत, हेही जाणून असावे. केंद्र सरकारच्या निवृत्तिवेतनधारकांना दर नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला द्यावा लागतो. ऐंशी वर्षांवरील व्यक्तींना तो १ ऑक्टोबरपासूनच देता येतो. २०१४ पासून ‘जीवन प्रमाण’ या डिजिटल दाखल्याची सोय झाली आणि पुढे मोबाइलच्या कॅमेऱ्यात चेहरा दाखवूनही तो मिळू लागला. त्यासाठी कोणती अ‍ॅप्स घ्यायची, निवृत्तिवेतनाचा क्रमांक कुठे भरायचा, हे मुलगी फोनवरून सांगू शकते. पण चेहरा बाबांचाच लागतो, आणि पापण्याही त्यांनीच मिटून उघडायच्या असतात. ‘खिडकीकडे तोंड करा, मागचा दिवा बंद करा’ यापलीकडे तिला काही करता येत नाही. दोन-तीन प्रयत्नांत जमले नाही तर टपाल खात्याच्या पेमेंट्स बँकेमार्फत पोस्टमनला घरी बोलावता येते. बोटांचे ठसे घ्यायचे यंत्र तो बरोबर आणतो.